अडवणाऱ्या हवेवर चालणारा उपग्रह

फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत उपग्रहांविषयी बोलायला गेलो असताना नववीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, वर हवाच नसते असे आम्ही शिकलो, मग जुने उपग्रह खाली कशामुळे येतात?" तास संपत आला होता, म्हणून "थोडी हवा तिथेही असते" एवढेच सांगून मी पुढे गेलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण प्रश्नाच्या तोलाचेही नव्हते. त्या थोड्याशा हवेभोवतीच आज अंतराळ-तंत्रज्ञानातला एक विलक्षण प्रयत्न चालू आहे. जी हवा उपग्रहाला अडवते आणि खाली आणते, तीच पुढच्या बाजूने गोळा करायची, तिचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, करायचा आणि तो प्रचंड वेगाने मागे फेकून उपग्रह वर टिकवून धरायचा, असा हा प्रयत्न आहे. हे जमण्यासारखे आहे का, आणि कोणत्या अटींवर, याचा बराचसा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे मांडता येतो. त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणून तो इथे सावकाश मांडतो.

हवा अमुक उंचीवर संपते अशी रेघ निसर्गाने कुठेही ओढलेली नाही. १०० किलोमीटरवरची कारमान रेषा ही माणसांनी सोयीसाठी मानलेली हद्द आहे. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होत जाते, इतकेच. २०० किलोमीटर उंचीवर तिची घनता समुद्रसपाटीवरच्या घनतेच्या सुमारे ५०० कोटीव्या भागाइतकी असते. ऐकताना हे शून्यच वाटते, पण त्या उंचीवर साखरेच्या चौकोनी वडीएवढ्या जागेतही सुमारे ७०० कोटी कण असतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्यांपैकी एक कण दुसऱ्यावर आपटण्याआधी सरासरी पाव किलोमीटर प्रवास करतो. आपल्या घरातल्या हवेत हेच अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके असते. कण पुष्कळ आहेत, पण एकमेकांना भेटत नाहीत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि पुढचे सगळे यंत्रशास्त्र या दोन विधानांच्या मधल्या अवकाशात उभे आहे.

या विरळ हवेतून उपग्रह सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने जातो. पणजी ते मडगाव हे रस्त्याने ३३ किलोमीटरचे अंतर त्या वेगाने सव्वाचार सेकंदांत कापले जाईल. इतक्या वेगाने धावणाऱ्या वस्तूला कणांचा जो मार बसतो, तो दर चौरस मीटरमागे साधारण १७ मिलिन्यूटन भरतो. हातावर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याचे जे वजन जाणवते, त्याच्या निम्म्याइतका हा जोर आहे. एवढ्याशा जोराने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण तो रात्रंदिवस लागत राहतो. पुढून एक चौरस मीटर आकाराचा आणि ३०० किलो वजनाचा उपग्रह २०० किलोमीटरवर नुसता सोडून दिला, तर तो पहिल्याच दिवशी सुमारे ८ किलोमीटर खाली येतो, आणि खालची हवा अधिक दाट असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

वयस्कर वाचकांना १९७९ सालचा पावसाळा आठवत असेल. अमेरिकेचे स्कायलॅब हे अंतराळस्थानक कोसळणार, कुठे कोसळेल ते सांगता येत नाही, या बातमीने तेव्हा आपल्याकडे गावोगावी धास्ती पसरली होती. ते फिरत होते सुमारे ४३५ किलोमीटर उंचीवर. पण सूर्यावरच्या हालचाली अपेक्षेपेक्षा वाढल्या, त्या उष्णतेने वरचे वातावरण फुगले, स्थानकाभोवतीची हवा दाट झाली, आणि ११ जुलै १९७९ रोजी त्याचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर ७७ टनांच्या त्या स्थानकाने असे सगळ्या जगासमोर दिले होते.

मग इतक्या खाली उपग्रह ठेवायचाच कशाला? कारण जवळून चांगले दिसते. कॅमेऱ्याच्या भिंगाचा व्यास आणि वस्तूचे अंतर यांचे गणित सरळ आहे. ५०० किलोमीटरवरून जेवढा बारकावा टिपायला एक मीटरचे भिंग लागेल, तेवढाच बारकावा २०० किलोमीटरवरून ४० सेंटिमीटरच्या भिंगाने टिपता येतो. रडारच्या बाबतीत फायदा याहून मोठा आहे. साध्या रडारच्या सूत्रानुसार परत येणाऱ्या लहरींची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. म्हणजे अंतर अडीच पटींनी कमी केले की तोच प्रतिध्वनी सुमारे ३९ पट जोरकस येतो. गोव्यात जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी झाकलेले असते. डोंगरकापणी कुठे झाली, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध कुठे फुटला, खारफुटी कुठे मागे हटली हे नेमके त्याच महिन्यांत कळणे गरजेचे असते, आणि त्या वेळी साधा कॅमेरा वरून काहीच पाहू शकत नाही. खाजनाचा बांध जेमतेम काही मीटर रुंदीचा असतो. तो ढगांआडून स्पष्ट दिसावा असे वाटत असेल, तर रडार जवळ नेणे हा फार परिणामकारक मार्ग आहे. खालून जाणाऱ्या उपग्रहाला एका वेळी अरुंद पट्टाच दिसतो हे खरे आहे, आणि गोव्याचा सुमारे १०५ किलोमीटरचा किनारा तो १४ सेकंदांत ओलांडतो. त्यामुळे एकाने काम भागत नाही, अनेक लागतात. पण तिथे मेलेला उपग्रह काही दिवसांत आपोआप खाली येऊन जळून जातो. वरच्या कक्षांतला कचरा दशकानुदशके, काही ठिकाणी शतकानुशतके फिरत राहतो, त्या मानाने ही मोठीच जमेची बाजू आहे.

इतक्या खालून उडण्याचे दोन प्रयोग यापूर्वी यशस्वी झाले आहेत. युरोपीय अंतराळ संस्थेचा गोचे हा उपग्रह १७ मार्च २००९ रोजी सोडला गेला आणि सुमारे २५५ किलोमीटर उंचीवरून त्याने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा सूक्ष्म नकाशा काढला. तो लांबट, बाणासारखा होता, आणि त्याच्या मागे झेनॉन वायूवर चालणारे विद्युत इंजिन हवेच्या रोधाची क्षणोक्षणी भरपाई करत होते. त्याच्या टाकीत ४० किलो झेनॉन होता. सूर्य त्या वर्षांत शांत राहिल्यामुळे तो साठा ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काळ पुरला, पण ऑक्टोबर २०१३ मध्ये अखेर संपला आणि ११ नोव्हेंबर रोजी गोचे वातावरणात शिरून नष्ट झाला. यंत्रणा चालू स्थितीत होती, उपकरणे मोजमाप करत होती, फक्त टाकी रिकामी झाली. जपानच्या त्सुबामे या उपग्रहाने २०१९ मध्ये १६७.४ किलोमीटर ही उंची सात दिवस टिकवून विक्रम केला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्याचेही काम थांबवले गेले. त्सुबामे म्हणजे पाकोळी. त्या पाकोळीलाही शिदोरी पाठीवर बांधूनच उडावे लागत होते.

ही शिदोरीच वाटेत मिळाली तर? कल्पना नवी नाही, वरची हवा गोळा करून वापरण्याचे आराखडे १९५० च्या दशकाच्या अखेरीसच मांडले गेले होते. ती नीट समजून घेण्यासाठी एक भेद स्पष्ट असावा लागतो, आणि माझ्या अनुभवात विज्ञान शिकलेल्या माणसांचाही तिथे घोटाळा होतो. हा भेद आहे इंधन आणि प्रणोदक यांच्यातला. कोलव्याच्या किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी वॉटर स्कूटर भाड्याने मिळते. संध्याकाळी ती वाळूवर ओढून ठेवलेली असताना तिच्या तळाकडे वाकून पाहावे. तिथे एक लांबट जाळी दिसते, आणि मागे हाताच्या पंजाएवढे गोल तोंड. समोरचे पाणी जाळीतून आत येते, आतला पंखा ते जोराने मागच्या तोंडातून फेकतो आणि त्या धक्क्याने स्कूटर पुढे जाते. मागे फेकले जाणारे पाणी हे तिचे प्रणोदक. ते बरोबर न्यावे लागत नाही, कारण ती त्यातच तरंगते आहे. पण पंखा फिरवणारी ऊर्जा पेट्रोलमधून येते, आणि ते टाकीत भरावेच लागते. साध्या रॉकेटमध्ये ऊर्जा देणारा पदार्थ आणि मागे फेकायचा पदार्थ एकच असतो, म्हणून हा भेद डोळ्यांआड राहतो. गोचेमध्ये तो निम्मा उघड झाला होता. ऊर्जा सूर्याकडून येत होती आणि फेकायला झेनॉन होता. हवेवर चालणाऱ्या उपग्रहात दोन्ही बाहेरून येतात, ऊर्जा सूर्याची आणि प्रणोदक वाटेवरचे. टाकी उरतच नाही.

आता जमाखर्च पाहू. २०० किलोमीटर उंचीवर एक चौरस मीटरचे तोंड उघडे ठेवले, तर दर सेकंदाला सुमारे २ मिलिग्रॅम हवा त्याच्या वाटेत येते. हे दिवसाला १७० ग्रॅम आणि वर्षाला ६२ किलो होतात, म्हणजे गोचेच्या पूर्ण टाकीपेक्षा जास्त. ही झाली आवक. खर्चाच्या बाजूला आहे रोध. वाटेत आलेला प्रत्येक कण उपग्रहावर आदळतो आणि थोडासा उलट उसळतो, त्यामुळे दर किलो हवेमागे उपग्रह जो संवेग गमावतो तो ७.८ ऐवजी साधारण ८.६ किलोमीटर प्रति सेकंद या वेगाच्या हिशेबाने धरावा लागतो. वाटेत आलेली सगळी हवा पकडता आली, तर ती ८.६ च्या वेगाने मागे फेकली की हिशेब मिटला असता. पण सगळी पकडता येत नाही. समजा ४० टक्के हाती लागली, तर राहिलेल्या ६० टक्क्यांचा मारही त्याच ४० टक्क्यांनी भरून काढायचा, म्हणून फेकण्याचा वेग अडीच पट हवा, म्हणजे सेकंदाला सुमारे २१ किलोमीटर.

या गणितात एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. हवेची घनता त्यातून पूर्णपणे निघून जाते. हवा दुप्पट दाट असली तर रोध दुप्पट होतो आणि हाती येणारी हवाही दुप्पट होते, त्यामुळे फेकण्याचा लागणारा वेग तोच राहतो. २१ किलोमीटर हा आकडा १५० किलोमीटर उंचीवर जसा लागू आहे, तसाच २५० वरही. तो ठरतो केवळ उपग्रहाच्या आकारावर आणि तोंडाच्या कार्यक्षमतेवर. आणि याच आकड्यात प्लाझ्मा का हवा याचे कारण दडलेले आहे. उत्तमोत्तम रासायनिक रॉकेट वायू तापवून फेकते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास अडतो. आपल्याला त्याच्या पाचपट हवा. नुसत्या उष्णतेने तो मिळत नाही, म्हणून कणांना विद्युतभार देऊन विजेच्या बळाने ढकलावे लागते.

घनता वेगातून निघून गेली तरी विजेच्या बिलात ती पुन्हा हजर होते. १७ मिलिन्यूटनचा जोर २१ किलोमीटर वेगाच्या झोताने मिळवायचा तर झोतातच १८० वॅटच्या आसपास शक्ती जाते, आणि इंजिन ३० टक्के कार्यक्षम धरले तर ६०० वॅट पुरवावे लागतात. घरातली मिक्सर-ग्राइंडर यंत्रेही एवढीच वीज घेतात. उपग्रह १५० किलोमीटरवर उतरवला, तर तिथली हवा आठपट दाट असल्याने हाच आकडा पावणेपाच किलोवॅटच्या पुढे जातो. तेवढी सौर पॅनेल लावायची तर ती स्वतःच रोध वाढवतात. हवेच्या दिशेने धार करून ठेवली तरीसुद्धा, कारण कण आपल्या उष्णतेमुळे इकडेतिकडेही हलत असतात आणि पॅनेलच्या पाठीपोटाला घासून जातात. माझ्या हिशेबात मी फक्त समोरचा एक चौरस मीटर धरला आहे. प्रत्यक्ष यंत्राला याहून कठीण परीक्षा द्यावी लागते. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे पहाट आणि सांज यांच्या सीमारेषेवरून जाणारी कक्षा निवडणे. तिथे पॅनेल जवळजवळ सतत उन्हात राहतात. गोचेनेही तीच कक्षा निवडली होती.

पकडण्याचे तोंड हा या यंत्राचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे, कारण त्यात हलणारा एकही भाग नाही. आपल्या खाजनात भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात, त्याबरोबर मासे आत येतात, आणि ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात ते अडकतात. आत येताना प्रवाहाचा रेटा त्यांना आणतो, परतताना वाट अडलेली असते. उपग्रहाच्या तोंडाशी जाळे नसते. तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या लांब, बारीक नळ्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात, सगळ्या प्रवासाच्या दिशेने तोंड करून. बाहेरच्या कणांचा स्वतःचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास असतो आणि उपग्रहाचा जवळजवळ आठ, त्यामुळे उपग्रहावरून पाहिले तर सगळे कण समोरून एका दिशेने, सरळ रेषेत येताना दिसतात आणि नळ्यांतून सुईत दोरा जावा तसे आरपार जातात. आतल्या भिंतीवर आदळले की त्यांची दिशा आणि वेग दोन्ही जातात. मग ते मनाला येईल तिकडे भटकू लागतात. परत बाहेर पडायचे तर नेमकी नळीच्या रेषेतली दिशा सापडायला हवी, आणि ती फार थोड्यांना सापडते. बाकीचे नळीच्या भिंतीवर आपटून पुन्हा आत येतात. अशा रीतीने आतल्या कोठीत हवेची दाटी बाहेरच्यापेक्षा शंभरपटीच्या घरात नेता येते. कण एकमेकांना भेटत नाहीत हे मी सुरुवातीला सांगितले, त्याचा उपयोग इथे होतो. दाट हवेत हे तोंड चाललेच नसते. आतली हवा पुढे येणाऱ्या हवेला मागे रेटून बाहेर लोटत राहिली असती.

कोठीत आलेल्या या हवेचा प्लाझ्मा करायचा, म्हणजे तिच्या अणुरेणूंमधले इलेक्ट्रॉन तोडून त्यांना विद्युतभारित करायचे. प्लाझ्मा आपण रोज पाहतो. जुनी ट्यूबलाइट दोन-तीनदा लुकलुकून एकदम उजळते, त्या क्षणी तिच्या आतल्या विरळ वायूचा प्लाझ्मा झालेला असतो. आधी टोकांजवळ मंद तांबूस उजेड दिसतो, मग सगळी नळी भरून जाते. थोडे इलेक्ट्रॉन धावतात, ते अणूंवर आपटून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि ही साखळी पुरेशी वेगाने वाढली तरच दिवा पेटतो. उपग्रहाच्या इंजिनातही तेच घडावे लागते. हॉल प्रकारच्या इंजिनात वर्तुळाकार खाचेत चुंबकीय क्षेत्र असे ठेवतात की हलके इलेक्ट्रॉन त्यात सापडून खाचेभोवती गरगरत राहतात, तर जड आयनांवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंवर, त्या क्षेत्राचा फारसा परिणाम होत नाही आणि विद्युत क्षेत्र त्यांना सरळ मागे फेकते. फिरत्या इलेक्ट्रॉनांच्या या कड्यातून जाणारा अणू सहजासहजी अखंड सुटत नाही.

झेनॉन या कामासाठी जणू घडवलेलाच आहे. त्याचा अणू जड, म्हणून सावकाश चालतो आणि खाचेत जास्त वेळ राहतो. आकाराने मोठा, म्हणून इलेक्ट्रॉनच्या तडाख्यात सापडतो. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये (हे अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे माप) सुटतो. दोष एवढाच की पृथ्वीच्या हवेत तो एक कोटी भागांत जेमतेम एक भाग असतो आणि त्यामुळे महाग पडतो. २०० किलोमीटरवर मात्र सापडतात मुख्यतः सुटे ऑक्सिजन अणू आणि नायट्रोजनचे रेणू. ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ आणि नायट्रोजन रेणूचा सोडवायला १५.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. फरक फार वाटत नाही, पण ऑक्सिजनचा अणू झेनॉनच्या आठव्या भागाइतका हलका आहे. तो खाचेतून भर्रकन निघून जातो आणि पुष्कळदा भार न घेताच बाहेर पडतो. शिवाय हिशेबाची बाजू अशी की ऑक्सिजनच्या आयनाला २१ किलोमीटरचा वेग द्यायला ४० व्होल्टहूनही कमी पुरतात, म्हणजे ढकलणे स्वस्त आहे, पण आयन तयार करणेच महाग पडते, कारण इलेक्ट्रॉनचे कितीतरी तडाखे वाया जातात. खर्चाचा मोठा वाटा असा तयारीतच जातो. कार्यक्षमता ३० टक्के धरली ती याचमुळे.

ऑक्सिजनचा दुसरा त्रास गंजाचा आहे, आणि तो आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. किनाऱ्याजवळच्या घरात खिडकीचे लोखंडी गज, पंख्याचे पाते, गॅसची शेगडी किती वर्षे टिकते हे ज्याने पाहिले आहे, त्याने कल्पना करावी की हवेतला ऑक्सिजन रेणूंच्या जोडीत न येता सुट्या अणूंच्या रूपात येतो आहे. सूर्याचे अतिनील किरण वरच्या वातावरणात ऑक्सिजन रेणू फोडतात, त्यातून हे अणू तयार होतात, आणि उपग्रहावर ते सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने आदळतात. रासायनिक बंध तोडायला तेवढी ऊर्जा पुरते. प्लॅस्टिकचे पापुद्रे झिजतात, चांदी काळवंडून सुटते. सर्वांत मोठा धोका इंजिनातल्या कॅथोडला असतो. कॅथोड म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवणारा तापलेला भाग, आणि ऑक्सिजन लागला की त्याचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सोडेनासा होतो. म्हणूनच कॅथोडच नको, असा एक प्रवाह या क्षेत्रात आहे. जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठात रेडिओलहरींनी प्लाझ्मा तयार करणारे इंजिन त्याच विचाराने विकसित झाले आहे. त्यात वायूला धातूच्या इलेक्ट्रोडचा स्पर्शच होत नाही, बाहेरच्या अँटेनातून ऊर्जा आत जाते. मला हा मार्ग जास्त टिकाऊ वाटतो, कारण जिथे वर्षानुवर्षे दुरुस्तीला कोणी जाणार नाही, तिथे झिजणारा भाग मुळात नसलेलाच बरा.

जमिनीवर या यंत्राची चाचणी घेणेही सोपे नाही. निर्वात टाकी मिळते, पण सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने वाहणारी हवा कुठून आणायची? इटलीतल्या सिताएल या कंपनीच्या टाकीत युरोपीय अंतराळ संस्थेच्या अभियंत्यांनी कणांचा तसा झोत सोडणारे स्वतंत्र यंत्र समोर ठेवून २०० किलोमीटर उंचीची परिस्थिती उभी केली. पोलंडमध्ये आखलेले तोंड आणि दोन टप्प्यांचे इंजिन त्या झोतात ठेवले होते. आधी इंजिन नेहमीप्रमाणे झेनॉनवर पेटवले, तेव्हा मागचा झोत निळा होता. मग झेनॉनमध्ये नायट्रोजन-ऑक्सिजनचे मिश्रण वाढवत नेले, आणि झोताचा निळा रंग जांभळा झाला. शेवटी झेनॉन पूर्ण बंद करून केवळ त्या हवेवर इंजिन पुन्हा पुन्हा पेटवून दाखवले. मार्च २०१८ मध्ये हे जाहीर झाले. हवेवर पेटलेले असे ते पहिले इंजिन. भारतात विद्युत प्रणोदनाचा पाया आता घातला गेला आहे. ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ वर इस्रोने झेनॉनचे प्लाझ्मा इंजिन वापरले, ३०० मिलिन्यूटनच्या मोठ्या इंजिनाची हजार तासांची चाचणीही पूर्ण केली आहे, आणि बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेस या कंपनीने २०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या उपग्रहाचा प्रकल्प हाती घेतल्याचे सांगितले आहे.

टाकीत पेटणे आणि कक्षेत टिकणे यांत मात्र एक अंतर आहे, ज्याची चर्चा मला पुरेशी होताना दिसत नाही. समजा उपग्रह बरोबर तोलून धरला आहे, रोध आणि जोर समान आहेत, आणि सौर पॅनेल देतात तेवढी सगळी वीज इंजिन वापरते आहे. अशा वेळी तो थोडा खाली घसरला आणि हवा दुप्पट दाट झाली, तर रोध दुप्पट होतो. वीज मात्र तेवढीच आहे, त्यामुळे दुप्पट हवा हाती आली तरी जोर फक्त १.४ पट वाढतो. रोध जिंकतो, उपग्रह आणखी घसरतो, आणि तफावत आणखी वाढते. २०० किलोमीटरवरून सुमारे २० किलोमीटर खाली आले की हवा दुप्पट होते. मी आधी धरलेल्या उपग्रहाला इंजिन बंद पडल्यावर ते दोन दिवसांत घडेल. उलट तो थोडा वर सरकला तर रोध निम्मा होतो आणि जोर सातदशांश राहतो, म्हणून तो आणखी वर चढतो, जोपर्यंत हवा इतकी विरळ होत नाही की कोठीत प्लाझ्माच पेटेनासा होतो. म्हणजे हा तोल वाटीच्या तळाशी ठेवलेल्या गोटीसारखा नाही, पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखा आहे. कोणीतरी सतत सावरत राहिले तरच ती तिथे राहील.

आणि हवा स्वतः स्थिर नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटर उंचीवर सोडले गेले, त्याच सुमारास भूचुंबकीय वादळ आले, वरचे वातावरण फुगले आणि त्यांपैकी ३८ उपग्रह काही दिवसांत पडून जळाले. ते वादळ फार मोठेही नव्हते. स्कायलॅबपासून त्या दिवसापर्यंत सूर्याने हाच धडा दिला आहे. म्हणून हवेवर चालणाऱ्या उपग्रहाची पॅनेल नेहमीच्या गरजेपेक्षा बरीच जास्त वीज देणारी असावी लागतील, म्हणजे एरवी इंजिन दबून चालेल आणि वादळात पूर्ण ताकदीने. शिवाय माझे मत असे आहे की टाकी नसल्याचा कितीही अभिमान वाटला, तरी पहिल्या काही उपग्रहांवर दोन-चार किलो झेनॉन असावाच. प्लाझ्मा विझला आणि हवेवर पुन्हा पेटेना, तर त्या झेनॉनवर इंजिन चालू करून, हवा दुप्पट होण्याच्या आत, घसरलेली उंची परत चढून येता येईल.